पंक्चर काढावे की ट्यूब बदलावी?

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो सुईच्या अग्राएवढा लहान आहे. सायकलच्या चाकातील रबरी नळीला, म्हणजे आपण जिला ट्यूब म्हणतो तिला, छिद्र पडले तर ते बुजवून घ्यावे की जुनी ट्यूब टाकून नवी घालावी, एवढाच प्रश्न. ज्यांच्या दारात मोटार उभी असते त्यांना तो क्षुल्लक वाटेल. पण ज्याची रोजी किंवा ज्याची शाळा दोन चाकांवर अवलंबून असते, त्याचा सबंध दिवस या एवढ्याशा छिद्रातून निसटून जातो, हे शिक्षक या नात्याने मी पुष्कळदा पाहिले आहे.

सुरत शहराच्या पूर्वेकडील अंगाला पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. नाव ऐकून तेथे डोंगर असेल असे कोणास वाटेल. पण पर्वत हे गावाचे नाव आणि पाटिया म्हणजे त्या गावाची पाटी जेथे असते तो रस्त्यावरचा थांबा. गावाला शहराने केव्हाच पोटात घेतले. पाटी तेवढी नावात राहिली. शेजारच्या लिंबायत आणि गोडादरा या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाईच्या कारखान्यात, तर कोणी कापडबाजारात गाठोडी वाहण्याच्या कामावर. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या पाळीला या रस्त्यांनी सायकलींची रांग लागते. तिच्यात शाळेला निघालेल्या मुलीही असतात, कारण नववीत शिकणाऱ्या ठरावीक समाजवर्गांतील मुलींना गुजरात सरकार सरस्वती साधना योजनेखाली सायकल देते. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली अनेक तालुक्यांत मुलींना अशा सायकली मिळाल्या आहेत. योजना सायकल दारापर्यंत आणून सोडते. ती रोज चालती ठेवणे मात्र ज्याचे त्याच्याकडे.

माझ्या वर्गातील नववीची एक मुलगी मागच्या पावसाळ्यात पंधरवड्यात चार वेळा गैरहजर राहिली. मुलगी अभ्यासू, म्हणून मी तिच्या वडिलांना बोलावून घेतले. ते बाजारात हमालीचे काम करणारे, मोजके बोलणारे गृहस्थ. म्हणाले, “सर, तिची चूक नाही. मागचं चाक बसतंय सारखं. दोनदा पंक्चर काढलं, मग वैतागून नवी ट्यूब टाकली. ती पण तीन दिवसांत गेली. ट्यूबच डुप्लिकेट निघाली. आता सायकल विकून टाकतो आणि पुढच्या वर्षी बघू शाळेचं.” शेवटचे वाक्य त्यांनी सहज उच्चारले, पण मी मात्र दचकलो. मुलींच्या शाळा अशाच सुटतात. कोणी मोठा निर्णय घेत नाही, एखादी लहानशी अडचण फक्त वेळेवर सुटत नाही.

मी म्हटले, “भाऊ, विकण्याआधी सायकल एकदा शाळेत आणा.” दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला आम्ही ती वर्गासमोर उलटी उभी केली. त्या तासाला आम्हांला काय सापडले ते मी पुढे सांगणारच आहे. तत्पूर्वी ही ट्यूब चाकात कशी आली, हे थोडक्यात पाहू. कारण दुरुस्त करावी की बदलावी या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्या इतिहासातच आहे.

रबराचा चीक मुळात उन्हाळ्यात चिकट होणारा आणि थंडीत ठिसूळ बनणारा पदार्थ. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर गंधकासह तापवले आणि तो दोष घालवला. गंधकामुळे रबराच्या लांबच लांब रेणूंमध्ये जागोजागी पूल बांधले जातात. म्हणून असे रबर ताणले तरी पूर्वस्थितीला येते. १८८८ साली बेलफास्ट येथे राहणारे स्कॉटिश पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि तिचे एकस्व घेतले. तत्पूर्वी १८४५ मध्येच रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या धावेचे एकस्व घेतले होते. पण तेव्हा सायकलचे युग उजाडायचे होते.

डनलॉप यांच्या धावेत सुख होते, तसा एक मोठा जाचही होता. ती चाकाला चिकटवलेली असे. १८८९ साली फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ या गावी मिशलाँ बंधूंच्या रबर कारखान्यात एक सायकलस्वार अशी फुटलेली धाव घेऊन आला. ती सोडवून दुरुस्त करण्यास तीन तास लागले आणि डिंक वाळण्यासाठी रात्रभर थांबावे लागले. एवढे करूनही ती लवकरच पुन्हा निकामी झाली. एदुआर मिशलाँ यांनी त्या फजितीतून धडा घेतला. हवेचा शोध लागलाच होता; उणीव होती ती चाकापासून सहज सुटी होणाऱ्या धावेची. १८९१ मध्ये त्यांनी तशी धाव सिद्ध केली आणि त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याच्या सुमारे १२०० किलोमीटरांच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा स्वार तिच्या बळावर पहिला आला. वाटेत त्याची चाके बसली नाहीत असे नव्हे. पण ती चटकन दुरुस्त करता आली. तात्पर्य, आज आपल्या चाकातून ट्यूब बाहेर ओढता येते ती काही योगायोगाने नव्हे. ती दुरुस्त करता यावी म्हणूनच धाव सुटी झाली आहे.

आता ट्यूब बसली असता प्रथम काय पाहावे? पुष्कळजण लगेच चाक खोलतात. तसे करू नये. आपल्याकडील साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची एक बारीक नळी असते. तिला वालट्यूब म्हणतात. ती कुजली किंवा चिरली की ट्यूब धडधाकट असूनही हवा निघून जाते. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाण्याचा थेंब धरावा. बुडबुडा आला तर केवळ वालट्यूब बदलावी. पंक्चरही नको आणि नवी ट्यूबही नको.

व्हॉल्व्ह निर्दोष असेल तरच धाव उतरवून ट्यूब बाहेर काढावी, तीत थोडी हवा भरावी आणि पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे. छिद्र सापडले की आपण सुटकेचा श्वास सोडतो आणि ठिगळाला हात घालतो. खरी चूक होते ती येथे. छिद्र कोठे पडले आहे, त्यावरून ते का पडले हे कळते.

छिद्र एकच असून रस्त्याच्या बाजूला असेल तर काटा, काच, खिळा यांपैकी काहीतरी धाव भेदून आत शिरले आहे. खानदेशातल्या वाटांवर हे काम बाभळीचा काटा करतो, नाहीतर सराटा करतो. या सराट्याला अमेरिकेत चक्क पंक्चरची वेल अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, इतकी त्याची ख्याती आहे! शहरात काट्याची जागा तारेचे तुकडे, काचा आणि सुया घेतात. पावसाळ्यात हा उपद्रव वाढतो. खाडीचे पाणी वस्तीत शिरून ओसरले की रस्त्यावर नाही नाही तो कचरा पसरतो, आणि ओल्या रबराला काच कोरड्यापेक्षा सहज कापते.

छिद्र चाकाच्या आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रस्ता निर्दोष आहे. तेथे आऱ्यांच्या टोकांवरील पट्टी सरकलेली असते आणि एखादे टोक ट्यूबला टोचत असते. नागाने डसावे तशी शेजारी शेजारी दोन छिद्रे असतील तर दोष आपला स्वतःचा. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटले आणि ट्यूब धाव व रिम यांच्यामध्ये चिमटली गेली. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल तर कमी हवेवर सायकल दामटल्याने धाव रिमवर सरकली व तिने ट्यूबला आपल्याबरोबर ओढले, असे बहुधा समजावे.

श्रोतेहो, आता त्या मुलीच्या सायकलीकडे वळतो. नव्या ट्यूबला एकच छिद्र होते, रस्त्याच्या बाजूला. आम्ही ट्यूब धावेवर पूर्वीसारखी ठेवली, व्हॉल्व्हशी व्हॉल्व्हची जागा जुळवली आणि छिद्रासमोर धावेचा कोणता भाग येतो तेथे खडूने खूण केली. जुनी ट्यूबही वडिलांनी जपून ठेवली होती. तीही तशीच लावून पाहिली. तिच्यावरची दोन्ही ठिगळे त्याच खुणेच्या जवळपास आली! मग मी एका विद्यार्थ्याला कापसाचा बोळा धावेच्या आतून फिरवायला सांगितला. बोट फिरवू नये. बोट कापते आणि पुष्कळदा काही लागतही नाही. खुणेपाशी कापसाचे तंतू अडकले. चिमट्याने ओढल्यावर नखाच्या कडेएवढा तारेचा तुकडा बाहेर आला. धावेच्या जाडीत तो असा रुतला होता की बाहेरून दिसत नव्हता. माणूस बसला की आत डोकावे आणि उतरला की लपे.

ट्यूब डुप्लिकेट नव्हती, दुकानदार खोटा नव्हता आणि पंक्चरवाल्याचे ठिगळही कच्चे नव्हते. दोन दुरुस्त्या आणि एक नवी ट्यूब, एवढा खर्च त्या एका तारेने वसूल केला होता.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठा शहाणपणा दाखवला आहे. आमच्या नाक्यावर हिंदी बोलणारे लोक पंक्चर ‘बनवतात’. मराठी माणूस पंक्चर ‘काढतो’. पायातला काटा काढावा, तसे. रोज उच्चारताना या शब्दाचा अर्थ आपल्या ध्यानात येत नाही. छिद्र बुजवणे म्हणजे पंक्चर काढणे नव्हे, आणि ट्यूब बदलणे म्हणजे तर नव्हेच नव्हे. ज्याने छिद्र पाडले ते बाहेर निघाले म्हणजे पंक्चर निघाले. दुरुस्ती की बदल हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

कारण दूर झाल्यावर मात्र तो प्रश्न रीतसर विचारावा, आणि त्याचे उत्तर अवघड नाही. ट्यूबला झालेली इजा जखम आहे की जरा आहे, एवढे पाहावे. जखम भरून येते. म्हातारपणाला ठिगळ नाही. काट्याचे, तारेचे, खिळ्याचे लहान छिद्र, किंवा चिमटल्याने पडलेली दोन छिद्रे एका ठिगळाखाली मावत असतील, तर निःशंकपणे दुरुस्ती करावी. नीट लावलेले ठिगळ ट्यूबइतकेच टिकते. एका ट्यूबवर किती ठिगळे चालतात, असे मला विद्यार्थी विचारतात. त्याला ठरलेला आकडा नाही. एका ठिगळावर दुसरे चढवण्याची वेळ येऊ नये एवढाच नियम.

परंतु ‘नीट लावलेले’ या दोन शब्दांत सगळे आले. घट्ट झालेले रबर दुसऱ्या रबराला नुसते दाबून चिकटत नाही. म्हणून आपण सोल्यूशन लावतो. सोल्यूशन म्हणजे पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले रबर. छिद्राभोवतीची जागा काचकागदाने किंवा कानशीने घासावी लागते, कारण ट्यूबच्या पृष्ठभागावर भुकटी आणि निर्जीव झालेला थर असतो. तो गेल्याखेरीज सोल्यूशनला धरायला जागा मिळत नाही. त्यावर सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि मग थांबावे. हे थांबणेच लोकांना जड जाते. द्रव पुरता उडून जाऊन थर बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत, म्हणजे काही मिनिटे, ठिगळ लावू नये. ओल्यावर लावलेल्या ठिगळाखाली द्रव कोंडतो आणि ते उद्या-परवा कडेने उचलते. मग ठिगळ मध्यापासून कडेकडे दाबत न्यावे आणि वर खडूची किंवा शंखजिऱ्याची भुकटी लावावी, म्हणजे उरलेले सोल्यूशन धावेला चिकटत नाही.

आपण पंक्चरवाल्याच्या डोक्यावर उभे राहून “लवकर, लवकर” म्हणतो, तेव्हा त्याच्या कामातली ही काही मिनिटेच कापून घेत असतो. पुढे ठिगळ निघाले की दोष त्याला देतो.

आता बदलायची केव्हा ते सांगतो. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर गेली असेल तर ठिगळ बसत नाही. ती ट्यूब सोडून द्यावी. ठिगळापेक्षा मोठी लांब फाट असेल, किंवा सांध्यावरच ट्यूब उकलली असेल तरी तेच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वय. ट्यूब दोन्ही हातांनी थोडी ताणून उजेडात धरावी. बारीक बारीक भेगांचे जाळे दिसले, रबर चिकट लागले किंवा कडक झाले असेल तर ऊन, उष्णता, तेल आणि हवेतील ओझोन यांनी आपले काम पुरे केले असे समजावे.

शुभवर्तमानात जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये असा एक दृष्टान्त आहे. लहानपणी मला त्याचे नवल वाटे. ठिगळ नवे असेल तर ते चांगलेच नाही का? पण कोरे कापड धुतल्यावर आटते आणि भोवतालच्या विरलेल्या धाग्यांना ओढून फाडते. जीर्ण ट्यूबची गत थोड्या फरकाने तशीच. हवा भरताच ट्यूब फुगते, ताणली जाते. ठिगळ तेवढे ताणत नाही. मग ताण साठतो तो ठिगळाच्या कडेला, आणि जेथे रबरात जीव उरलेला नाही तेथे नवी फट पडते. अशा ट्यूबवर दर आठवड्याला पंक्चर काढीत राहणे म्हणजे काटकसर नव्हे, तो हप्त्याहप्त्याने केलेला अपव्यय आहे. नव्या ट्यूबच्या भावात आपल्या नाक्यावर किती पंक्चरे निघतात, हा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा.

नवी ट्यूब घेताना धावेच्या कुशीवर कोरलेले माप पाहून तेच मागावे. बुटाइल रबराची मिळाली तर ती घ्यावी. १९३७ साली अमेरिकेत तयार झालेले हे कृत्रिम रबर नैसर्गिक रबरापेक्षा हवा फारच हळू झिरपू देते. त्यामुळे वारंवार हवा भरावी लागत नाही, आणि कमी हवेमुळे चिमटल्याने होणारी पंक्चरेही टळतात. बसवताना ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून तिला गोल आकार द्यावा आणि धाव शक्यतो हातांनी चढवावी. लोखंडी पाना जोराने घातला तर कोरी ट्यूब चाकात जाण्याआधीच चिमटून फुटते, आणि आपण पुन्हा दुकानदाराला डुप्लिकेटचा दोष देण्यास मोकळे होतो.

ज्या घरी सायकलवर रोजचे येणेजाणे अवलंबून आहे, त्यांनी दुरुस्ती आणि बदल यांत निवड न करता दोन्ही हाताशी ठेवावीत असे मी सुचवीन. एक चांगली ट्यूब घरात राखून ठेवावी. अडचणीच्या वेळी, परीक्षेच्या किंवा पाळीच्या घाईत, कारण काढून टाकून ती चढवावी. आणि काढलेली ट्यूब सुट्टीच्या दिवशी शांतपणे दुरुस्त करून तिच्या जागी राखीला ठेवावी. घाईच्या वेळी बदलावे आणि निवांतपणी सांधावे, म्हणजे सोल्यूशन वाळायलाही वेळ मिळतो. ज्या ट्यूबचे आयुष्य खरोखर संपले ती जाळू नये. तिचा धूर छातीला घातक असतो. तिचे बरे भाग कापून ठिगळे होतात, मागच्या कॅरिअरवर ओझे बांधायला पट्टा होतो. आमच्या नाक्यावरील कारागिराच्या डब्यात जुन्या ट्यूबांचे असे तुकडे नेहमी कापून ठेवलेले असतात.

त्या मुलीची सायकल विकली गेली नाही. नव्या ट्यूबचे छिद्र तिनेच वर्गासमोर बुजवले. जुनीही ठिगळांसह शाबूत निघाली आणि घरी राखीला राहिली. पावसाळा संपेपर्यंत तिची हजेरी भरली. मध्ये एकदा तिचे चाक पुन्हा बसले, तेव्हा ती उशिरा आली आणि पाटीवरचे गणित उतरवण्याआधी तिने माझ्या टेबलावर काचेचा एक कण आणून ठेवला. उशिराचे कारण मी तिला विचारले नाही.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी आपली ट्यूब बसेल आणि आपण नाक्यावर सायकल उभी कराल, तेव्हा दुरुस्त करू की बदलू, असे तो विचारील. त्याला उत्तर देण्यापूर्वी धावेतून आतून कापूस फिरवायला सांगावे, त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा, आणि पैसे देताना एकच गोष्ट विचारावी: “काय निघाले?” त्याने काटा किंवा तार आपल्या तळहातावर ठेवली, तर पंक्चर निघाले असे समजून निर्धास्तपणे पायडल मारावे.